डाव्या खांद्याचं माप

९ जून

ताई,

तुझं शेंडेफळ आता हाडांचं मालक झालंय. हसू नकोस. कॉलेजच्या भांडारात चार वर्षं काचेच्या बरण्या आणि फिनेलचे डबे मोजून झाल्यावर साहेबांना माझी दया आली आणि त्यांनी माझी बदली शरीररचना विभागात केली, हाडांच्या खोलीत. आता बरण्यांऐवजी बरगड्या मोजतो.

फोन न करता पत्र का, असं विचारशील. तुझ्या घरात खोली एक, त्या एका खोलीत आई, आणि आईचे पाय गेले तरी कान शाबूत आहेत. मी दिवसभर मेलेल्यांची हाडं हाताळतो हे तिला कळलं तर ती दोन दिवस जेवायची नाही. म्हणून दुकानाच्या पत्त्यावर पाठवतोय. तिथेच वाच आणि तिथेच ठेव.

खोली लांबट आहे, खिडकी एकच. भिंतभर लाकडी खण. दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला अर्ध्या सांगाड्याची एक पेटी घरी न्यायला मिळते, वर्ष संपलं की परत. कोण काय घेऊन गेलं आणि कोणी मणका हरवला, हे लिहून ठेवणं माझं काम. शिवाय विभाग आता नव्या इमारतीत जाणार आहे, त्यामुळे तळघरातल्या जुन्या पत्र्याच्या ट्रंका उघडून त्यांचीही यादी करायची आहे. प्रत्येक हाडावर काळ्या शाईने नंबर असतो. तो नंबर नोंदवहीत बघितला की कळतं, माणूस कुठून आणि कधी आला. नाव बहुतेकांना नसतं, बेवारस म्हणून आलेले.

आमच्या विभागप्रमुख मॅडमना शिकवायची फार हौस. विद्यार्थी नसले की मला धरतात. काल त्यांनी माझ्या हातात एक वितीपेक्षा जरा लहान, दोनदा वळलेलं हाड दिलं. म्हणाल्या, "सांगा, काय आहे?" मी म्हटलं, "कॉलरबोन." आई ज्याला हासळी म्हणते ना, गळ्याखालचं ते आडवं हाड. पुस्तकात त्याला क्लॅव्हिकल म्हणतात. मॅडम म्हणाल्या, "त्याचा अर्थ काय माहितीये? छोटी किल्ली." का, तर हात डोक्यावर नेला की हे हाड जागच्या जागी स्वतःभोवती फिरतं, कुलपात किल्ली फिरते तसं. काही लोक म्हणतात, जुन्या काळच्या किल्ल्याच अशा वळणाच्या असत, म्हणून. मॅडमना दोन्ही पटतं. तू करून बघ. उजव्या हाताची बोटं डाव्या हाडावर ठेव आणि डावा हात हळूहळू वर ने.

आणखी एक गंमत. पोटातल्या बाळात सगळ्यात आधी हाड बनायला सुरुवात होते ती याचीच, आणि सगळ्यात शेवटी पूर्ण होतं तेही हेच. त्याचं छातीकडचं टोक पार पंचविशी-तिशीपर्यंत जुळत राहतं. म्हणजे थोरलंही तेच आणि शेंडेफळही तेच. तू आणि मी एकाच हाडात.

मधला मात्र त्यात बसत नाही. ताई, मला काल भिंगरीदादा आठवला. त्याचा डावा हात कानाच्या वर जायचा नाही. मी सात वर्षांचा होतो तेव्हा मला वाटायचं सगळ्या मोठ्या भावांचा एक हात असाच असतो. यंदा वीस वर्षं झाली ना त्याला जाऊन?

तुझं शेंडेफळ


१७ जून

शेंडेफळा,

पत्र दुकानात वाचलं. मशीनवर बसल्याबसल्या तू सांगितलंस तसा हात वर केला आणि गळ्याखाली चाचपून बघितलं, तर समोरची गिऱ्हाईक बाई घाबरून म्हणाली, "अहो, काही चावलं का तुम्हाला?" पण खरंच फिरतं रे ते! वयाची सत्तेचाळीस वर्षं झाली, त्यातली पंचवीसेक लोकांचे गळे आणि खांदे मोजण्यात गेली आणि मला पत्ता नाही. माझं स्वतःचं हे हाड पुरतं जुळायच्या आत लोकांची मोजायला शिकले होते, हे तू आता मला सांगू नकोस, मीच सांगते.

आई तशीच. सकाळी दोन घास, दुपारी चहात बुडवलेलं बिस्कीट, संध्याकाळी तोंड फिरवते. डॉक्टर म्हणतात वय आहे. मी म्हणते वय नाही, वाट आहे. दारावर कोणी वाजवलं की अजून मान उचलते, मग मान परत खाली. वीस वर्षं तेच चाललंय. होय, यंदा वीस पूर्ण होतील. एकविसाव्या वर्षी गेला, आता एक्केचाळीसचा असेल. डोक्यावर केस असतील का, हा विचार माझ्या मनात सारखा येतो.

तू लहान होतास, तुला सगळं माहीत नाही. आता लिहिते, कारण तुझ्याच हाडाने विषय काढला. तो पंधरा वर्षांचा असताना मागच्या गल्लीतल्या भिंतीवरून पडला. डॉक्टरांनी दोन्ही खांद्यांवरून पाठीमागे फुली घालून पट्टी बांधली, चांगली करकचून, छाती पुढे राहील अशी. सहा आठवडे सोडायची नाही म्हणाले. पण एका जागी बसेल तर तो भिंगरी कसला! काखेत काचतंय म्हणून रडायचा. आई कामावर, बाबा कामावर, घरात मी. मी रोज दुपारी ती पट्टी सैल करायचे आणि बाबा यायच्या आत परत आवळायचे. मला वाटायचं मी माया करतेय. हाड जुळलं, पण एका तुकड्यावर दुसरा चढून जुळलं. डावा खांदा खाली गेला तो गेलाच.

तेव्हा मी नुकती शिवण शिकत होते. मास्तरांनी मला दाखवलं, डावीकडचं कापड कसं उतरतं बेतायचं, बाहीचा मुंढा किती वर घ्यायचा, आत कापडाची घडी कुठे घालायची. माझ्या शर्टात तो सरळ दिसायचा. भलेभले ओळखायचे नाहीत. मग ती गोदामातली भरती आली. डॉक्टरने शर्ट काढून दोन्ही हात वर करायला सांगितले, आणि डावा अर्ध्यात थांबला. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "बहिणीने शिवलेला माणूस आहे हा. शर्ट उतरवला की संपला." उचलली जीभ लावली टाळ्याला. दुसऱ्या दिवशी तो गेला, माझे तीन शर्ट घेऊन.

मी दरवर्षी एक शिवते, तुला माहीत आहे. पेटीत एकोणीस झालेत. तू हसतोस म्हणून सांगत नाही.

जेवत जा वेळेवर.

ताई


२८ जून

ताई,

थोडं काम आहे. तुझ्या जुन्या मापाच्या वहीत दादाच्या दोन्ही खांद्यांची मापं असतील. गळ्यापासून खांद्याच्या टोकापर्यंत, डावं किती आणि उजवं किती, ते जसंच्या तसं पाठव. आणि हाड जुळलं होतं तिथे जो उंचवटा होता, तो गळ्याकडे होता, मधोमध होता, की खांद्याकडे? त्यात वरचा तुकडा कुठला होता, गळ्याकडचा की खांद्याकडचा? तू रोज पट्टी बांधायचीस, तुझ्या हाताला आठवत असेल.

का विचारतोय ते आत्ता विचारू नकोस. आईला यातलं काही सांगू नकोस. लवकर लिही.

शेंडेफळ


४ जुलै

अरे माझ्या राजा,

सापडला ना? खरं सांग, सापडला ना? मी पत्र वाचलं आणि कात्री हातातून पडली. माणसाचं माप कोण मागतं? ज्याच्या समोर तो माणूस उभा आहे तो! तुला खात्री करायची आहे ना, की हा खरंच आपला भिंगरी की दुसराच कोणी? की त्याला अंगावर घालायला काही नाही? बोलत नाही का तो? नाव सांगत नाही? असेल, रागावला असेल. असू दे.

घे माप. उजवा सव्वासहा इंच, डावा साडेपाच. पाऊण इंचाचा फरक, एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. वही काढलीसुद्धा नाही मी, तोंडपाठ आहे. उंचवटा मधल्यापेक्षा जरासा खांद्याकडे. गळ्याकडचा तुकडा वर, खांद्याकडचा त्याच्या खाली सरकलेला. माझं बोट बरोबर त्या खाचेत बसायचं.

मला नेहमी वाटायचं तो जिवंत आहे. नुसतं वाटायचं नाही, माझ्याकडे पुरावा होता. तुला कधी सांगितलं नाही, बाबांनाही नाही, फक्त आईला. तो गेल्यावर आठ महिन्यांनी पोलीस दुकानात आले. नदीतून एक माणूस काढलाय, वय आणि उंची जुळतेय, मोठ्या रुग्णालयात येऊन बघा म्हणाले. तो हरवल्याच्या तक्रारीत मी वय, उंची, रंग एवढंच दिलं होतं. खांद्याचं लिहायला मला लाज वाटली होती, माझंच पाप ते. मी एकटी गेले. चेहऱ्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं, पाण्यात फार दिवस राहिलेला. पण मी शिंपीण आहे. मी शर्ट बघितला. निळा, कारखान्यात शिवलेला, खिशावर कसलंसं चिन्ह भरलेलं. दोन्ही खांदे एकसारखे, सरळसोट! माझा भाऊ असला शर्ट घालून चार पावलं चालला असता तरी डाव्या बाजूला कापडाचा झोळ आला असता, आणि तो स्वतःच्या मरणालासुद्धा असला शर्ट घालून गेला नसता. मी नीट बघितलं आणि सांगितलं, हा आमचा नाही. बाहेर आले आणि जीव भांड्यात पडला. त्या दिवशी तुझा सातवीचा निकाल होता. मी तुला येताना कंपासपेटी आणली होती, आठवतं? पास झालास म्हणून नव्हती ती.

तू आईला सांगू नको म्हणालास, पण मला राहवलं नाही. मी फक्त एवढंच म्हटलं, "आई, शेंडेफळाला त्याचा काहीतरी माग लागलाय." तर ती उठून बसली. पाठीला उशी न लावता! संध्याकाळी पूर्ण ताट जेवली आणि मला म्हणाली, त्याचे शर्ट उन्हात टाक, वास येत असेल.

विसावा शर्ट कालच शिवून झाला. सोबत पाठवतेय. आता अंग भरलं असेल म्हणून छाती दोन इंच वाढवली, शिलाईत आणखी सोडलंय. खांदा मात्र तोच ठेवला, हाड काही वाढत नाही. नाही ना रे? ते तुला माहीत.

त्याला म्हण, ताई रागावलेली नाही.

ताई


१६ जुलै

ताई,

शर्ट मिळाला. छान शिवलायस.

मी दादा सापडला असं कुठेही लिहिलं नव्हतं. घाईघाईत तू काहीतरी ठरवून बसलीस. यात तुझी चूक नाही, मीच तसं विचारायला नको होतं. आईला जरा थोपवून धर. काम अजून चालू आहे, अजून काही कागद बघायचे आहेत.

एक विचारतो. तू रुग्णालयात गेलीस तो दिवस माझ्या निकालाचाच होता, नक्की? आदल्या-नंतरचा नाही? आणि त्या शर्टाच्या खिशावर चिन्ह होतं म्हणतेस, ते चाकाचं होतं का?

इकडे उकाडा फार आहे. खोलीत पंखा आहे पण हाडांवरचे कागद उडतात म्हणून लावता येत नाही.

शेंडेफळ


२१ जुलै

शेंडेफळा,

ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. शर्ट छान शिवलायस म्हणे! मी पंचवीस वर्षं शर्ट शिवतेय, ते छान आहेत का हे मी तुला विचारलं होतं? त्याला बसला का, हे विचारलं होतं.

होय, निकालाचाच दिवस. होय, चाकच होतं, लाल दोऱ्याने भरलेलं. पण त्याचा इथे काय संबंध? वीस वर्षांपूर्वीच्या कोण्या परक्या माणसाची चौकशी आत्ता कशाला?

मला वाटतं तो तुझ्याजवळ आहे आणि मला भेटायला तयार नाही. तसं असेल तर सरळ लिही. मी वाईट वाटून घेणार नाही. म्हणजे घेईन, पण लिही. तुरुंगात आहे का? आजारी आहे का? डोकं फिरलंय का? बायको-पोरं आहेत आणि आमची लाज वाटते का? काहीही असो, मी दुकान बंद करून येते. त्याला म्हण, पट्टी मी सैल करत होते हे मी बाबांना शेवटपर्यंत सांगितलं नाही, त्याच्यावरच सगळं जाऊ दिलं. "हाच धडपडला, याच्याच अंगात शांतता नाही," असं बाबा उठताबसता म्हणायचे, आणि मी तिथेच बसून काजं करत ऐकायचे. त्या रागाने तो येत नसेल तर मी त्याच्यासमोर नाक घासते.

आई आता रोज खुर्चीत बसते. खुर्ची तिने दाराकडे वळवून घेतलीय. काल मला म्हणाली, "तो आला की मला आधी सांगू नकोस, त्यालाच आत येऊ दे." मी तिला काय थोपवू? तू सांग.

ताई


२ ऑगस्ट

ताई,

दुकानात कोणी असेल तर हे आत्ता वाचू नकोस. दार लावून वाच.

भिंगरीदादा नाही. तो वीस वर्षांपूर्वीच गेला, घर सोडल्यावर वर्षाच्या आत.

जूनच्या शेवटी तळघरातल्या तिसऱ्या ट्रंकेत एक डावं कॉलरबोन निघालं. मोडून वाकडं जुळलेलं. गळ्याकडचा तुकडा वर, खांद्याकडचा खाली, उंचवटा मधल्यापेक्षा जरासा खांद्याकडे. मी हाड बघितलं आणि मला शेल्फावरचा डबा उजव्या हाताने काढणारा दादा दिसला. मी स्वतःला समजावलं, हाडं मोडलेली माणसं जगात हजारो आहेत. म्हणून तुला माप विचारलं. विचारताना एवढंही डोक्यात आलं नाही, की माप मागितल्यावर तुला काय वाटेल. शिंपिणीचा भाऊ असून कळलं नाही. त्याबद्दल मी स्वतःला माफ करणार नाही, तूही करू नकोस.

मॅडमना दाखवलं. त्यांनी ते खिडकीशी उजेडात नेलं. मग त्यांनी छातीकडचं टोक दाखवलं. ते अजून जुळलेलं नव्हतं, खडबडीत होतं, नुसती सुरुवात झालेली. म्हणाल्या, हा मुलगा वीस-बावीसचा असेल, त्याहून मोठा नाही. त्यांनी मुलगा म्हटलं, नमुना म्हटलं नाही.

नोंदवहीत लिहिलंय की तो लांबच्या एका बंदराच्या गावाहून आला. तिथल्या रुग्णालयात तापाने गेला. झोपेतच गेला, त्रास झाला नाही. त्याच्याजवळ नाव-पत्ता काही नव्हता, म्हणून कोणाला कळवता आलं नाही. त्यात कोणाचा दोष नव्हता. तो तिथे कामाला लागला होता असं दिसतं, म्हणजे हात चालत होता त्याचा, कोणीतरी त्याला घेतलं होतं.

बाकीची हाडं मिळणार नाहीत. वीस वर्षांत ती निरनिराळ्या पेट्यांत गेली, शाई पुसली गेली, काही मोडली. हे एकच राहिलं, कारण वाकडं होतं. वाकडं हाड विद्यार्थ्यांना देत नाहीत, त्यांना चुकीचं शिकायला नको म्हणून. मॅडमनी लिहून दिलंय, ते मला घरी नेता येईल. मी शनिवारी घेऊन येतो.

आईला काय सांगायचं ते तू ठरव. मी म्हणतो, सांगू नये. पण मी लहान आहे, माझं कोण ऐकतं.

तुझं
शेंडेफळ


९ ऑगस्ट

शेंडेफळा,

पत्र दार लावूनच वाचलं. दोन दिवस दुकान उघडलं नाही. आईला सांगितलं, मशीनचा पट्टा तुटलाय.

तुला खोटं बोलणं लहानपणापासून जमत नाही. दूध सांडलंस की मांजरीचं नाव सांगायचास, आणि आपल्या घरी मांजर नव्हती. आधीच्या पत्रात तू मला विचारलंस, खिशावर चाकाचं चिन्ह होतं का. मी तुला चिन्ह लिहिलं होतं, चाक लिहिलं नव्हतं. चाक तुला कुठून कळलं? मी तेव्हा होय म्हणून मोकळी झाले, माझं सगळं लक्ष दाराकडे होतं ना, आईसारखंच. आता कळलं. तुझ्या नोंदवहीत लिहिलं असेल, निळा शर्ट, खिशावर चाक. तारीख तुझ्या निकालाच्या दिवसाची असेल, नाहीतर तू तो दिवस मला विचारला नसतास. आणि खाली लिहिलं असेल, ओळख पटवायला एक बाई आली होती, तिने नाही म्हटलं. असंच लिहितात ना रे? तू आलास की मला ते पान तोंडी सांग. शब्द गाळू नकोस.

तो तापाने गेला नाही आणि बंदराच्या गावाहून आला नाही. तो बसने दोन तासांवर होता आणि मी त्याच्यासमोर उभी होते.

मी हे दोन दिवस एकच हिशेब लावतेय. त्याला कुठेतरी काम लागलं होतं. चाकवाल्या कुठल्याशा कंपनीने त्याला शर्ट दिला, सगळ्यांना देतात तसाच, सरळ खांद्याचा. त्याने तो घातला. त्याच्या डाव्या बाजूला झोळ आलाच असेल, पण ओल्या अंगाला चिकटलेल्या, झोपलेल्या माणसाच्या शर्टाला झोळ कुठून दिसणार? उभ्या माणसाचं माप मी झोपलेल्या माणसाला लावलं. मास्तर म्हणाले असते, पहिल्या दिवशी शिकवलेलं विसरलीस. माझा भाऊ माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचा शर्ट घालेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एवढा ताठा होता मला माझ्या शिलाईचा. त्याला कोणीतरी वाकड्या खांद्यासकट कामावर ठेवलं होतं, ही त्याच्या आयुष्यातली एक चांगली गोष्ट, आणि तिच्यावरूनच मी त्याला परका ठरवला.

मी नाही म्हटलं नसतं तर तो घरी आला असता. आईने त्याला बघितलं असतं, रडली असती, वर्षभराने जेवायला लागली असती. बाबा जाताना त्याचं नाव घेत होते, त्यांनाही कळलं असतं. वीस वर्षं मी आम्हा सगळ्यांना दाराशी बसवून ठेवलं. आणि त्याच्यावर पोरं शिकली, त्याचा एकेक तुकडा पेटीत घालून घरी नेत. मला कोणी काही म्हणणार नाही हे मला माहीत आहे. तू तर नाहीच. म्हणूनच तू तो ताप शोधून काढलास.

शनिवारी ये. त्याला आण, पण पिशवीत आण आणि आधी दुकानात ये. आईला मी सांगितलेलं नाही. मी म्हटलं, त्याची बदली चाललीय, उशीर होतोय. ती म्हणाली, "होऊ दे, कामाचा माणूस आहे." तिच्या खुर्चीचं तोंड मला फिरवता येत नाही. तू आलास की तू बघ, जमतंय का. मला वाटतं नाही जमणार.

अजून एक राहिलं. ते मी आधीच्या पत्रात लिहिलं नाही, कधी कोणालाच सांगितलं नाही, कारण आजपर्यंत ते सांगण्यासारखं होतं हे मला माहीत नव्हतं. मी तुला लिहिलं, मी नीट बघितलं. मी नीट बघितलं नाही. मी खांद्याची शिवण बघितली आणि लगेच मागे सरले. तिथला माणूस भला होता. तो म्हणाला, "बाई, घाई करू नका. अंगावर काही खूण असेल तर बघून घ्या. शर्ट काढून दाखवू का?" दोन बटणं होती मधे, एवढंच. मी म्हटलं, "नको, उगाच कशाला." मला चारची बस गाठायची होती. आई घरी जीव मुठीत धरून बसली होती, तो माणूस आपला नाही हे तिला लवकर सांगायचं होतं.

ताई